न्हाई येत

देवानंद गुरुजींच्या घरात नापास व्हायची सोय नव्हती. वडील दुसऱ्याच्या शेतात राबता राबता पन्नाशीत सही करायला शिकले. गुरुजी स्वतः तीर्थपुरीच्या आसपासच्या पाच गावांत मिळून चौतीस वर्षं जिल्हा परिषदेचे मास्तर होते. थोरला धम्मपाल इंजिनिअर होऊन पुण्याला गेला. शिकलेल्या माणसाला कुणी उंबऱ्याबाहेर उभं करत नाही, आत बोलावून खुर्ची देतात, हे गुरुजींनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या खुर्चीपायी त्यांनी वर्गातल्या किती पोरांचे तळहात लाल केले असतील, त्याचा त्यांना स्वतःलाही पत्ता नव्हता. ढ पोरगं असं काही नसतं, मास्तर आळशी असतो, हे त्यांचं आवडतं वाक्य. ते त्यांनी एकदा केंद्रप्रमुखालाही ऐकवलं होतं.

अशा माणसाच्या घरात प्रीती जन्मली. ती साडेतीन वर्षांची झाल्यावर चालायला लागली आणि सहाव्या वर्षी बोलायला. गुरुजींनी तिला आपल्याच शाळेत, आपल्याच वर्गात बसवून चौथीपर्यंत नेली. पाचवीचा मास्तर दुसरा निघाला. त्यानं महिनाभरात हात जोडले आणि प्रीती घरी बसली. ती आता चोवीस वर्षांची होती. उंच, हसरी, आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असा. एकदा शहागडचा एक ट्रकवाला बिजवर तिला बघायला आला आणि लग्न झालं की पोरी सुधरतात म्हणाला, तेव्हा गुरुजींनी त्याच्या हातातला चहाचा कप काढून घेतला होता. चहा अर्धा राहिला होता. पोरीवर माया नव्हती असं कुणी म्हणू नये.

पण माया असली तरी तोंडानं खरं निघत नव्हतं. निवृत्त झाल्यावर गुरुजींनी नवीन जालन्यात, शिक्षकांच्या कॉलनीत घर घेतलं. मुलगी काय करते, असं पहिल्याच दिवशी शेजारच्या संपतरावांनी विचारलं. गुरुजी म्हणाले, "बाहेरून बारावी करतीय." त्याला पाच वर्षं झाली. प्रीतीची बारावी चालूच होती. कॉलनी शिक्षकांची, बारावीला किती वर्षं लागतात हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं, पण तोंडावर कुणी विचारत नव्हतं.

त्या वर्षी कांताबाईंनी बातमी आणली. कांताबाई म्हणजे गुरुजींच्या पत्नी, बोलायला कमी आणि कामाला वाघीण. बियाण्याच्या गोदामांच्या मागं 'हातभार' नावाची कार्यशाळा निघाली होती. अठराच्या पुढची, प्रीतीसारखी मुलंमुली तिथं दिवसभर जात. बियाण्याची पाकिटं चिकटवत, वाती वळत, भाजी चिरायला शिकत, रस्ता ओलांडायला शिकत. सकाळी गाडी न्यायला यायची, संध्याकाळी सोडायची. त्याला दिव्यांगाचा सरकारी दाखला लागत होता, आणि त्या दाखल्यासाठी तपासणी.

तपासणी हा शब्द ऐकला आणि गुरुजी ताठ झाले. त्यांच्या चौतीस वर्षांत तपासणीला साहेब आले आणि वर्गाची मान खाली गेली, असं एकदाही झालं नव्हतं. आदल्या महिन्यापासून फळे सारवायचे, पोरांकडून उत्तरं घोटून घ्यायची, पहिल्या बाकावर कोण बसणार ते ठरवायचं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं होतं. त्यांनी वही काढली आणि प्रीतीची तयारी सुरू केली.

दोन महिने रोज सकाळी नऊ ते अकरा. नाव सांग, गाव सांग, वार सांग. रंग आठ. बेचा पाढा. आणि तिथं कुणी काहीही विचारलं, येतं का म्हणून, तर मान ताठ करून म्हणायचं, "येतं." प्रीतीला बाबांसोबत बसायला मिळतंय याचाच एवढा आनंद की ती न कंटाळता घोकायची. 'बे पंचे दहा'ला ती टाळी वाजवायची.

"तिची परीक्षा हाय का ही?" कांताबाईंनी दोनदा विचारलं.

"मंग काय हाय?" गुरुजी म्हणाले. "चार डाक्टर बसणार समोर. आपली पोरगी गप बसली तर काय म्हणतील?"

बुधवारी सरकारी दवाखान्यात बोर्ड बसायचा. गुरुजींनी इस्त्रीचा शर्ट घातला, प्रीतीला निळा ड्रेस, दोन वेण्या, लाल रिबिनी. कांताबाईंना त्यांनी बाहेरच्या बाकावर बसवलं. "तू आत काहीबाही बोलशील," असं तोंडावर सांगून बसवलं. कांताबाई बसल्या. तेव्हा बसले ते चुकलं, असं त्या पुढं कितीदा तरी म्हणाल्या.

आत मानसशास्त्राच्या मॅडम होत्या. प्रीतीनं नाव सांगितलं, गाव सांगितलं, वार सांगितला, आणि कुणी न विचारताच बेचा पाढा बे दाहे वीसपर्यंत खणखणीत म्हटला. मॅडम हसल्या. मग त्यांनी एक लांबलचक फॉर्म घेतला आणि त्यातले प्रश्न गुरुजींना विचारायला लागल्या. अंघोळ स्वतः करते? करते. वेणी स्वतः घालते? घालते. दुकानातून सामान आणून उरलेले पैसे बघून घेते? बराबर बघून घेते. एकटी बाहेर जाऊन परत येते? येते. प्रत्येक उत्तराला प्रीती बाजूला बसून मान डोलवत होती. गुरुजींना आपण खोटं बोलतोय असं त्या वेळी वाटलंसुद्धा नाही. आपण पोरीची लाज राखतोय, एवढंच वाटत होतं. शेवटी मॅडमनी त्यांची सही घेतली. ती त्यांनी सुवाच्य अक्षरात केली.

दाखला आला. त्यावर पंचवीस टक्के लिहिलं होतं, आणि खाली बारीक अक्षरात, सीमारेषेवरची बुद्धी.

"पंचवीस!" गुरुजींनी कागद उजेडात धरला. "फक्त पंचवीस. म्हंजी बाकी पोरगी चांगलीच हाय. मी सांगत न्हवतो?"

त्यांनी धम्मपालला फोन करूनही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिघं 'हातभार'मध्ये गेले. लांबट पत्र्याची खोली, तीन मोठी टेबलं, पंधराएक जण कामात. कार्यशाळेच्या प्रमुख तृप्तीताई दाखला वाचत होत्या तेवढ्यात प्रीती गुरुजींचा हात सोडून सरळ टेबलापाशी गेली. एका मुलीनं सरकून जागा दिली. प्रीतीनं पाकीट घेतलं, उलट्या बाजूनं चिकटवलं, आणि ते वर धरून सगळ्यांना दाखवलं. कुणी ओरडलं नाही. त्या मुलीनं तिच्या हातातलं पाकीट सुलटं केलं आणि डिंकाची वाटी पुढं सरकवली.

तृप्तीताईंनी कागद खाली ठेवला. "गुरुजी, हिला घेता येणार नाही मला. चाळीसच्या खाली असेल तर आमच्या यादीत नाव चढत नाही. पेन्शन नाही, विमा नाही, काहीच नाही."

"पण कमी म्हणजे चांगलंच ना?" गुरुजी म्हणाले.

"चांगलं असतं तर तुम्ही इथं आला असता का?"

गुरुजींनी दाखला उचलून पुन्हा वाचला. तृप्तीताईंचा आवाज मऊ झाला. "एकच जागा राहिली आहे. महिनाअखेरपर्यंत मी थांबवते. त्यापुढं वाट बघणारे सात जण आहेत."

प्रीती टेबलावरून उठायला तयार नव्हती. दोघांनी मिळून तिला उठवलं, तेव्हा ती रडली नाही, पण हातातलं अर्धं पाकीट तिनं सोडलं नाही. ते तसंच ओल्या डिंकासकट घेऊन ती बाहेर आली.

फाटकाबाहेर रस्त्यावर रिक्षांची गर्दी. तिथं कांताबाई उभ्या राहिल्या. तेहतीस वर्षांच्या संसारात त्या चारचौघांत नवऱ्यावर ओरडल्या नव्हत्या. ती कसर त्यांनी त्या दिवशी भरून काढली.

"वेणी घालते म्हून सांगितलं तुम्ही? रोज सकाळी कोण घालतं तिची वेणी? अंघोळीला पाणी कोण काढून देतं? पाळीच्या चार दिवसांत तिच्या मागं मागं कोण फिरतं? दळणाला पाठवली तर पार मोंढ्याच्या बाजारात सापडली होती ती, इसरले का? तुम्ही पेपर वाचत बसता, अन् तुमाला वाटतं पोरीला सगळं येऊन राह्यलं!"

"कांता, रस्ता हाय हा."

"असू द्या! माझी साठी जवळ आली. मी मेल्यावर तुमचा बेचा पाढा तिची वेणी घालणार हाय का?"

दोन रिक्षावाले बघत होते. गुरुजींना राग आला होता, पण तो कुणावर आलाय ते शोधायला गेल्यावर ते फिरून फिरून स्वतःपाशीच येत होते. चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्याच्या पोरांच्या वह्यांत चुका शोधल्या होत्या. आपल्या पोरीला काय काय येत नाही याची त्यांनी एक ओळसुद्धा कुठं लिहिली नव्हती.

त्या दुपारी त्यांनी वही पुन्हा काढली. मागचं पान उघडलं आणि कांताबाईंना म्हणाले, "सांग. सकाळपासून सांग." कांताबाई सांगत गेल्या, गुरुजी लिहीत गेले. चार पानं भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दवाखान्याच्या कार्यालयात हजर झाले. दाखल्यांच्या टेबलावरचा कारकून उठून उभा राहिला. "जय भीम, गुरुजी. मी बुद्धभूषण. चौथीला तुमच्याकडं होतो."

मराठवाड्यात कुठल्याही कचेरीत जा, मास्तरचा एक तरी विद्यार्थी टेबलामागं बसलेला असतोच. गुरुजींनी येण्याचं कारण सांगितलं. बुद्धभूषणनं दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"फेरतपासणीचा अर्ज द्या. त्यात लिहा, गैरसमजुतीमुळं चुकीची माहिती दिल्या गेली. सगळे तसंच लिहितात."

"कुणाची गैरसमजूत?"

"आता कुणाची का असंना. नुसतं लिहायचं असतं."

गुरुजींनी पेन उघडलं. "चौथीत घरचा अभ्यास बकरीनं खाल्ला म्हून सांगितलं होतंस तू."

बुद्धभूषण ओशाळून हसला. "आठवतंय, गुरुजी. छडीबी आठवतीय."

"मंग मास्तरला येगळा नियम कशाला?"

आणि त्यांनी लिहिलं. मी, निवृत्त प्राथमिक शिक्षक, माझ्या मुलीला ज्या गोष्टी येत नाहीत त्या येतात असं तपासणीत खोटं सांगितलं. खोटं बोलण्याचं कारण माझी लाज. यात मुलीची चूक नाही. तिची तपासणी पुन्हा करावी. खाली सही, तशीच सुवाच्य. अर्ज देऊन झाल्यावर छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटलं.

बुद्धभूषण अर्ज घेऊन आत गेला आणि पडलेल्या चेहऱ्यानं परत आला. "साहेब म्हणतात, तीन महिन्यांनी या. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांचे नंबर लागू द्या."

"जागा महिनाअखेरपर्यंत हाय. बारा दिवस राह्यले."

"मी काय करू, गुरुजी?"

"तू काही करू नको," गुरुजी म्हणाले. "खोटं बोलायला मला धा मिनिटं लागली. खरं बोलायला तीन महिने कशाला लागतात, ते मी साहेबालाच इचारतो. तोवर बसतो."

ते बसले. दुसऱ्या दिवशी प्रीतीला आणि डबा घेऊन आले आणि साहेबांच्या दारासमोरच्या बाकावर बसले. तिसऱ्या दिवशी तसेच. घोषणा नाही, आरडाओरडा नाही. आवाज होता तो फक्त प्रीतीचा. तिला कंटाळा आला की ती पाढा म्हणायची, आणि आवाजाचं वर सांगितलंच आहे. शिपायानं येऊन सांगितलं, पोरीला गप करा. गुरुजी म्हणाले, "तिला गप बसता येत न्हाई. हेच तर सांगायला आलोय." जेवायच्या सुट्टीच्या आधी बे आठे सोळाला दार उघडलं. साहेबांनी उभ्या उभ्या अर्ज वाचला, पुन्हा वाचला, गुरुजींकडं पाहिलं आणि त्यावर येत्या बुधवारची तारीख टाकली.

मंगळवारी संध्याकाळी संपतरावांनी आपल्या गच्चीवरून हटकलं. संपतराव कचेरीजवळ झेरॉक्सचं दुकान चालवत आणि सगळ्या दाखल्यांचे गुरू आपणच, अशी त्यांची समजूत होती. बाकावरची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

"गुरुजी, बिलकुल काळजी करू नका," ते कठड्यावरून वाकून म्हणाले. "उद्या पोरीची वेणीच घालू नका. केस तसेच राहू द्या. जुना गाऊन घाला. आन् तिला सांगून ठेवा, कुणी काही इचारलं तर तोंड उघडं टाकून नुसतं बघत राहायचं. शंभर टक्के भेटतील, माझी गॅरंटी."

कांताबाई अंगणातल्या झाडांना पाणी घालत होत्या. त्यांनी तांब्या खाली ठेवला. "माझी लेक तशी हाय का, संपतभाऊ?"

"तसं न्हाई वहिनी, पण सरकारला दाखवायला—"

"सरकारला जी हाय तीच दिसंल. नवा ड्रेस घालून, चांगल्या दोन वेण्या घालून दिसंल. माझ्या पोरीला मी येडी करून नेणार न्हाई."

"अन् एकदा नाटक करून झालंय आमचं," गुरुजी म्हणाले. "ते हुशारीचं होतं. आता येडेपणाचं नको. बास."

बुधवारी कांताबाई बाहेरच्या बाकावर बसल्या नाहीत. तिघंही आत गेले. मॅडम त्याच होत्या. त्यांच्यापुढं गुरुजींचा अर्ज होता आणि त्यांचा चेहरा पहिल्यासारखा हसरा नव्हता.

"मागच्या वेळी तुम्ही सही करून दिली होती, सर. आता उलटं म्हणताय. मी कशावर विश्वास ठेवू?"

"माझ्यावर ठेवू नका," गुरुजी म्हणाले. "तिच्याकडं बघा."

मॅडमनी प्रीतीकडं पाहिलं. "तिच्यासमोर हे सगळं बोलणं बरं वाटत नसेल तर तिला बाहेर बसवू."

"न्हाई. आजवर तिच्या माघारीच बोललो. आता तिच्यासमोर बोलू द्या."

फॉर्म उघडला. "वेणी स्वतः घालते?"

गुरुजींनी मान वळवली. "प्रीती, वेणी येते का तुला?"

प्रीतीची मान ताठ झाली. दोन महिन्यांचं शिकवणं पाण्यात गेलं नव्हतं. "येते!"

"घालून दाखव."

कांताबाईंनी एका वेणीची रिबीन सोडली आणि हात मागं घेतला. प्रीतीनं केस पुढं घेतले. दोन पेड धरले, तिसरा सुटला. तिसरा धरला, पहिला सुटला. तिनं सगळे केस मुठीत गोळा केले, पिळले, सोडले, पुन्हा पिळले. मध्येच ती बाबांच्या चेहऱ्याकडं बघायची, चुकलं तर तिथं कळतं हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. कांताबाई पुढं झाल्या, तशी गुरुजींनी त्यांना हातानं थांबवलं आणि स्वतःच्याच हाताचा त्यांना राग आला. मिनिटभरानं प्रीतीच्या कपाळावर घाम आला. केसांच्या गुंत्यावर तिनं रिबीन ठेवली, ती खाली पडली, आणि ती घाईघाईनं म्हणायला लागली, "बे एके बे, बे दुणे चार."

नापास होणाऱ्या पोराचा हा चेहरा गुरुजींनी हजार वेळा बघितला होता, आणि प्रत्येक वेळी टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं. ते खुर्चीवरून उठून तिच्यासमोर खाली बसले. गुडघे दुखत होते, तरी बसले.

"प्रीती. वेणी येत न्हाई ना?"

तिनं पुन्हा केस मुठीत धरले.

"मंग न्हाई येत म्हण. बाबा रागवत न्हाई."

प्रीतीनं आईकडं बघितलं, मॅडमकडं बघितलं. मग फार हळू, तिच्या आवाजात कधी नसतं इतकं हळू म्हणाली, "न्हाई येत."

काहीच झालं नाही. कुणी हात पुढं कर म्हणालं नाही. बाबा तिथंच बसले होते आणि त्यांचे डोळे भरले होते, पण ते रागवले नव्हते. प्रीतीनं जरा मोठ्यानं म्हणून बघितलं. "न्हाई येत."

"शाब्बास," गुरुजी म्हणाले. ते उठले आणि त्यांनी खिशातून वहीची चार पानं काढून टेबलावर ठेवली. "हे सकाळी उठल्यापासूनचं. पुढचं इचारा, मॅडम."

पुढचे प्रश्न मॅडमनी प्रीतीलाच विचारले. अंघोळीचं पाणी एकटी काढतेस? न्हाई येत. रस्ता एकटी ओलांडतेस? न्हाई येत. दुकानातून उरलेले पैसे बघून घेतेस? न्हाई येत! तिचा आवाज तिच्या मापाचा झाला होता आणि बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जात होता. चोवीस वर्षं कुणी तिला हे म्हणू दिलं नव्हतं. काही प्रश्नांना मात्र ती थांबायची, विचार करायची आणि "येतं" म्हणायची. भाकरी ताटात वाढता येते. कपड्यांच्या घड्या येतात. आई झोपली की दार हळू लावता येतं. त्या वेळी कांताबाई म्हणायच्या, "हां, हे खरं येतं तिला." मॅडम दोन्ही लिहून घेत होत्या.

शेवटी पेन बंद करताना मॅडमनी विचारलं, "सर, तुम्हाला येते का वेणी?"

गुरुजींनी बायकोकडं पाहिलं. "न्हाई येत," ते म्हणाले.

प्रीती इतक्या मोठ्यानं हसली की शिपाई आत डोकावला.

दाखला शनिवारी हातात पडला. पंच्याहत्तर टक्के. गुरुजी तिथूनच 'हातभार'मध्ये गेले आणि तृप्तीताईंनी नाव लिहून घेईपर्यंत टेबलापासून हलले नाहीत. धम्मपालचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, "बाबा, एवढे टक्के कागदावर आले. पुढं लोकांना कळलं तर?"

"कळू दे," गुरुजी म्हणाले. "मीच सांगणार हाय."

रविवारी दुपारी कॉलनीत सामसूम असताना गुरुजींनी फणी घेतली आणि प्रीतीला समोर बसवलं. कांताबाई बाजूला बसून सांगत होत्या. तीन पेड करा. डावा मधी घ्या. आता उजवा. ओढू नका, तिला दुखतं. ज्या हातांनी हजारो पोरांना अक्षर गिरवायला लावलं, त्या हातांना तीन पेड सांभाळता येईनात. चारदा सोडली, पाचव्यांदा कशीबशी शेवटपर्यंत आली. वेणी वाकडी होती आणि मध्यावर फुगली होती. कांताबाई तोंडावर पदर धरून हसल्या, आणि मग त्यांना रडू आलं. "आता मला मरायला हरकत न्हाई," त्या म्हणाल्या. "दुसरी पण घालू दे आधी," गुरुजी म्हणाले.

सोमवारी सकाळी गाडी यायच्या आधी तिघं कॉलनीच्या कोपऱ्यावर उभे होते. गुरुजींच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. जो येईल जाईल त्याला ते पेढा देत होते. धम्मपाल इंजिनिअर झाला तेव्हा त्यांनी असेच पेढे वाटले होते, पण प्रीतीच्या नावानं तिच्या जन्मापासून या घरातून एकही पेढा गेला नव्हता. संपतराव मोटरसायकल थांबवून उतरले.

"काय गुरुजी, निघाली का बारावी?"

कोपऱ्यावर पाच-सहा जण होते. सगळ्यांचे कान इकडं झाले.

"बारावी कधीच न्हवती, संपतराव," गुरुजी म्हणाले. वर्गात बोलायचे त्याच आवाजात म्हणाले. "पाच वर्षं मी तुमाला खोटं सांगितलं. माझी लेक बुद्धीनं दिव्यांग हाय. काल-परवा न्हाई, जन्मापासून. तिचा सरकारी दाखला आलाय, आजपासून ती कामाला जाऊन राह्यली. त्याचे पेढे हायत. घ्या."

संपतरावांनी पेढा घेतला, पण तोंडात घालायचं त्यांना सुचेना. कुठं बघावं ते न कळून ते प्रीतीकडं बघायला लागले. निळा ड्रेस, खांद्याला डब्याची पिशवी, आणि पाठीवर दोन वेण्या, एक खाली आणि एक वर, रिबिनी दोन वेगवेगळ्या उंचीला.

"अन् हे काय?" त्यांना हसू आवरेना. "वेण्या कुणी घातल्या गं तुझ्या?"

कोपऱ्यावरून गाडीचा हॉर्न वाजला. प्रीतीनं पिशवी सावरली, मान ताठ केली, आणि पूर्ण कॉलनीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

"बाबांनी! त्यांना न्हाई येत. शिकून राह्यले!"